एकाच प्रश्नाची परवानगी

प्रिय लुर्देस,

मोडेस्टो शहरात बहिणीकडे तू आरामात असशील असं लिहिणार होतो, पण तुला मी ओळखतो. तिच्या स्वयंपाकघराचा ताबा तू केव्हाच घेतला असशील आणि ती बिचारी स्वतःच्याच घरात पाहुणी झाली असेल. इकडे नळाच्या पाण्याला अजून वास येतो. चीज फॅक्टरीवाल्यांनी गेटवर नवी पाटी लावली आहे, ‘आम्ही याच मातीतले’. मातीत काय काय सोडता तेही लिहा म्हणावं.

फॅक्टरीने तुझ्यावर केलेला दावा फेटाळावा म्हणून तुझ्या वकिलाने, केसलरने, तो अर्ज केला तेव्हा तू मला चर्चच्या हॉलमागे गाठलंस. “इलिदियो, सुटलो रे! बोलणाऱ्याचं तोंड दाव्याने दाबता येत नाही, असा कायदाच आहे आपल्याकडे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना माझा फोन मागता येणार नाही, कागद नाही, काही विचारताही येणार नाही.” कितीतरी दिवसांनी तू हसत होतीस. मीही हसलो. बदनामीचा दावा तुझ्यावर, पण घाम मला फुटायचा. यंत्रं धुतलेलं क्षाराचं पाणी रविवारी जुन्या विहिरीत सोडतात, हे डोळ्यांनी पाहून तुला सांगणारा मीच ना. तू फक्त ते तुझ्या फेसबुक पानावर लिहिलंस.

मग ते प्रतिज्ञापत्र. आपण खोटं रचलेलं नाही हे पटवायला तू त्यात लिहिलंस, ‘हे मला आत काम करणाऱ्या माणसाने सांगितलं.’ आपण समुद्रापारच्या बेटांवरून इथे आलेल्यांची पोरं, शपथेवर अर्धवट बोलणं आपल्या जिवावर येतं. त्यांचा वकील त्या एका वाक्यावर टपूनच बसला होता. असा माणूस खरंच आहे की बाईंनी बनवलाय, हे कळल्याशिवाय आम्ही या अर्जाला उत्तर काय देणार, म्हणाला. न्यायाधीशबाईंनी बाकी सगळं बंदच ठेवलं, पण एक प्रश्न विचारायला परवानगी दिली. त्या माणसाचं नाव काय?

केसलर तुला म्हणाला, “बाई, नाव सांगितलं नाही तर अर्ज जाईलच, वर तुरुंगाची हवा खावी लागेल.” तू म्हणालीस, “तिथलं पाणी तरी इथल्यापेक्षा बरं असेल.” गावभर हा किस्सा फिरतोय. मला हसू आलं नाही, तुझा रागच आला. एवढं ओझं कुणी कुणासाठी उचलतं का?

तू गप्प का, हे आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. नाव फुटलं की माझी नोकरी जाणार, नोकरीबरोबर विमा, आणि विम्याबरोबर माझ्या बायकोची, ओतिलियाची कीमो. तुझ्या दारात कोण येतं यावर त्यांची नजर, म्हणून आम्ही तुझ्याकडे फिरकलो नाही. ओतिलियाला ते फार लागायचं. “ती बाई माझ्यासाठी जीव टांगणीला लावून बसलीय, आणि मी तिला साधं सूप पाठवू शकत नाही. कसली रे ही माणुसकी?” असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायची.

लुर्देस, गेल्या मंगळवारी ओतिलिया गेली. शेवटी तिला माझा हातसुद्धा ओळखू येत नव्हता. तुला मी कळवलं नाही, कुणाला तुझ्या बहिणीलाही कळवू दिलं नाही. तू धावत आली असतीस आणि मी आता जे करणार आहे त्यापासून मला अडवलं असतंस. दफनानंतर हॉलमध्ये मांसाच्या रश्श्यात पाव भिजवलेली आपली सोपास वाढली, तेव्हा फॅक्टरीचा मॅनेजर माझ्यासमोरच जेवायला बसला होता. माझा हात धरून म्हणाला, “हवी तेवढी सुट्टी घे, इलिदियो. आपण एकाच घरचे.” त्याच्या तोंडाकडे बघताना मला कळलं की या माणसाला आता माझ्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलेलं नाही. तिच्या जाण्याने मला बोलायची मोकळीक मिळाली, याची मला इतकी लाज वाटते की घरात बसवत नाही. उद्या सकाळी केसलरकडे जाऊन मी सगळं शपथेवर लिहून देणार आहे. तू आता माझ्यासाठी गप्प राहू नकोस. येत्या गुरुवारी तो प्रश्न विचारतील, तेव्हा मान वर करून सांग, आणि नाव पूर्ण सांग.

तुझाच,
इलिदियो मान्युएल आव्हिला
यंत्रधुलाई विभाग, रविवारची पाळी