माझ्या हस्ताक्षरातल्या शब्दपट्ट्या

मी, राजश्री दिपक बनसोडे, वय अडुसष्ट, महापालिकेच्या प्राथमिक शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार भवानी पेठ, सोलापूर, आज शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी मला असेही सांगितले आहे की, यापुढे माझे शब्द हळूहळू जातील. माणसे ओळखू येतील, पण त्यांची नावे तोंडात येणार नाहीत. सुरुवात झालीच आहे. परवा किसणी हातात धरून ओट्यापाशी उभी होते आणि तिला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. म्हणून घाई करते आहे.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्यामागे माझा मुलगा युवराज, राहणार पुणे, याला मिळावे. मुलगी धम्मप्रिया हिची याला संमती आहे. युवराजशी माझे फारसे बोलणे नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, म्हणून उद्या कोणी म्हणेल की बाईंनी हे दडपणाखाली लिहिले. तसे नाही. घर त्याच्या वडिलांनी बांधले, ते त्यालाच जावे. अबोल्याचे कारण कलम चारमध्ये लिहिले आहे.

२. बँकेतली ठेव दोन्ही मुलांनी निम्मी निम्मी घ्यावी. कानातले धम्मप्रियाला. शिलाई मशीन शेजारीण काशम्मा हिला, कारण तिचे मशीन वापरण्यापेक्षा दुरुस्तीलाच जास्त असते. काशम्माला मी साक्षीदार करणार होते, पण जिला काही मिळते तिची साक्ष नको, असे वकील म्हणाले. मशीन घ्यायचे की सही करायची, असे तिला विचारले. ती म्हणाली, "सही करून काय शिवू बाई?"

३. शाळेची पेटी, म्हणजे कार्डशीट, जाड पेन, दोरी आणि चिमटे, धम्मप्रियाला. ती अकलूजला शिक्षिका आहे. माझ्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुले असायची. त्यांना मराठी शब्द मी भिंतीवरून शिकवले. धम्मप्रिया, पद्धत पुन्हा सांगते. शब्द मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. एका वेळी थोडेच लावायचे. रोज सकाळी बोट ठेवून म्हणायचे. आधी पुस्तकातले नाही, गरजेचे शब्द: पाणी, लघवी, दुखतंय, भीती वाटते. आणि पट्टी मुलानेच लिहायची, कितीही वेडीवाकडी असो. बाईंनी लिहिलेला शब्द बाईंचा राहतो, मूल त्याच्याकडे बघतही नाही.

आमच्या मुख्याध्यापकांनी तपासणीच्या आदल्या दिवशी मुलांच्या सगळ्या पट्ट्या काढून छापील फ्लेक्स लावला, तोही छताजवळ, मुलांनी फाडू नये म्हणून. साहेबांनी शाबासकी दिली. तो फ्लेक्स अजून तिथेच असेल. त्याला कोणाचा हात कधी लागलाच नाही.

४. माझे पती दिपक एसटीत कंडक्टर होते. त्यांचा आवाज असा की स्टँडच्या एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस पळत यायचा. अर्धांगाने उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजायचे सगळे, बोलता येत नव्हते. मला दुसरे काय येत होते? मी घराची शाळा केली. त्यांच्या डाव्या हातात पेन दिले. पाणी, चहा, पंखा, नको, बाहेर. एकेक शब्द लिहायला एकेक सकाळ जायची. मी त्या पट्ट्या खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवल्या. काही हवे असले की ते उठून त्या पट्टीवर हात ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. 'नको'वर तर इतक्यांदा हात ठेवला की ती पट्टी काळी पडली. आमचे भांडणसुद्धा पुन्हा सुरू झाले, याचा मला केवढा आनंद झाला होता.

धम्मप्रियाच्या बाळंतपणासाठी मी अकलूजला गेले. त्याच आठवड्यात युवराजच्या लग्नाची बोलणी होती, अपेक्षाच्या, म्हणजे आताच्या सूनबाईंच्या, माहेरची मंडळी घर पाहायला येणार होती. त्याने पट्ट्या खरवडून काढल्या आणि रंग दिला. काशम्माचा फोन आला, ती यांना मामा म्हणायची. "बाई, मामा भितीला हात लावून हुबं हायत की सकाळपास्नं. काय पायजे इचारलं तर नुसतं बघत्यात. लवकर या."

युवराजला विचारले तर म्हणाला, "आई, घर बालवाडीसारखं दिसत होतं. पुन्हा लिही की."

मी पुन्हा लिहिले. माझ्या वळणदार अक्षरात. त्यांनी त्या पट्ट्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि पेन परत हातात घेतले नाही. त्यानंतर ते गेले त्या दिवसापर्यंत त्यांनी माझ्याकडे काहीही मागितले नाही. मी द्यायची ते खायचे. युवराजने हे मुद्दाम केले नाही, हे मला कळते. तरी राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. रागाची वाटणी कशी करायची हे वकिलांना विचारले, ते हसले.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. माझ्या फोटोचा फ्लेक्स चौकात लावू नये. फ्लेक्सबद्दलचे माझे मत वर आले आहे.

६. हे शेवटचे कलम कोणावरही बंधनकारक नाही. ॲड. रावजी माने यांनी तसे स्पष्ट सांगितले: "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. जिवंतपणीची व्यवस्था यात लिहून उपयोग नाही." मी म्हटले, तरी लिहा.

हात चालतो आहे तोवर मी माझ्या पट्ट्या माझ्या अक्षरात लिहून ठेवल्या आहेत. कपाटात वरच्या खणात आहेत. माझे बोलणे थांबेल तेव्हा त्या माझ्या खाटेजवळ, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर लावाव्यात. कोणीही पाहुणे येवोत, काढू नयेत. पाणी आहे, दुखतंय आहे, दार लावा आहे, काशम्मा आहे.

एका पट्टीवर युवराज लिहिले आहे. ती लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. त्या पट्टीवर मी हात ठेवला, तर मी चुकले असे समजू नये. त्याला पुण्याला फोन करावा आणि सांगावे, आई हाक मारते आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, शब्द न् शब्द कळला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

सही: राजश्री दिपक बनसोडे

साक्षीदार:
१. मनकर्णा नागनाथ सरवदे, निवृत्त शिक्षिका, सोलापूर
२. प्रभु मल्लिकार्जुन बिराजदार, शेजारी, भवानी पेठ

ठिकाण: सोलापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५