एक्केचाळीस नंबरचं कुलूप

डुलुथ, मंगळवार, २४ जानेवारी

प्रिय डोरीन,

वेडचा डावा डोळा गेला. काल दुपारी त्याच्या बहिणीने, रॉक्सीने, इस्पितळातून फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी सकाळी पट्टी काढली, बॅटरी मारून पाहिली आणि आता आशा धरू नका म्हणाले. जबडा तारेने बांधलाय, नळीने सूप देतात. रॉक्सी रडली नाही. "त्याने आमच्या आईचाही हात मोडला होता," एवढं म्हणाली आणि मग विचारलं की त्या म्हाताऱ्याला किती वर्षांची शिक्षा होईल. मी माहीत नाही म्हणाले.

तू सेंट पॉलला जाऊन अकरा दिवस झाले. बेघरांच्या निवाऱ्यातली तुझी खुर्ची अजून रिकामी आहे, तिच्यावर कुणीतरी ब्लँकेटं रचून ठेवतं. मला सारखी पहिली सकाळ आठवते. किराणा दुकानाच्या काउंटरवर अठरा वर्षं उभी राहिलेली मी, आणि केस मॅनेजर म्हणून माझा पहिला दिवस. मला वाटलं तू फायली दाखवशील. तू मला स्वयंपाकघरात नेलंस, लॉकरचं एक कुलूप मोज्यात टाकून गाठ मारलीस आणि ओट्यावरच्या कोबीच्या गड्ड्यावर हाणलंस. गड्डा फुटून पानं भिंतीला चिकटली. "हे डोकं," तू म्हणालीस. "कुणालाही बाहेर काढायचं तर त्याच्या लॉकरचं कुलूप आधी हातात घ्यायचं, मग बोलायचं. दोघं भांडले असतील तर एक पुढच्या दाराने, दुसरा अर्ध्या तासाने मागच्या." मग तोच कोबी तू सूपमध्ये घातलास. मी त्या दिवशी सूप प्यायले नाही.

दुसऱ्या आठवड्यात लॅव्हर्नने शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या मांडीवर उकळती कॉफी ओतली, एका ब्लँकेटपायी. पँट ओढून काढली तेव्हा कातडीही बरोबर आली. मी मध्ये पडले तर लॅव्हर्नने माझ्या दंडाचा लचका तोडला. इंजेक्शनसाठी तूच मला गाडीतून नेलंस आणि वाटेत म्हणालीस, "चला, आता तू खऱ्या अर्थाने कामावर रुजू झालीस." मी रडता रडता हसले. तुझ्याकडून मी हे शिकले, की घाबरलं तरी आवाज खाली ठेवायचा आणि हात समोरच्याला दिसतील असे ठेवायचे.

ऑरिन पेल्टो माझी पहिली केस, जी स्वतःची खोली मिळण्यापर्यंत पोचत होती. एकसष्ट वर्षांचा, उजव्या कानाने ठार बहिरा, उभा जन्म धक्क्यावर बोटींत लोखंडाची माती भरण्यात गेलेला. तो जन्मला मिशिगनमधल्या लाकूडतोड्यांच्या वस्तीत, घरातच, आणि नोंद झाली भलत्याच आडनावाने. खोलीसाठी लागणारा तो जन्माचा दाखला काढायला मला नऊ आठवडे लागले. कागद हातात दिला तेव्हा त्याने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी झालो होतो तर." एक फेब्रुवारीला त्याला खोली मिळणार होती. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली.

वेड त्याच्या मागे कसा लागला होता हे तुला माहीत आहे. जेवताना तो ऑरिनच्या बहिऱ्या कानाशी वाकून घाण घाण बोलायचा, टेबलावरचे सगळे हसायचे, आणि काय चाललंय ते न कळता ऑरिनही त्यांच्याबरोबर हसायचा. मी दोनदा वेडला बजावलं. "अगं मास्तरीण, त्याला ऐकू येत नाही, तुला का झोंबतंय?" म्हणून तो निघून गेला.

तुझ्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारच्या रांगेत, वेड चांगल्या कानाकडे वाकला. हे मी चार पावलांवरून ऐकलं. "पहिल्या तारखेला खोली ना? मीपण येतोय राहायला. किल्ली माझ्याकडे ठेवायची, बहिऱ्या." ऑरिनने ताटली खाली ठेवली आणि नाही म्हणाला. वेडने त्याची मान धरून तोंड गरम भांड्यांच्या लोखंडी कडेवर आपटलं, दोनदा. दोन दात बटाट्यांच्या हॉटडिशमध्ये पडले. ऑरिनने चाचपडत काटा उचलला आणि वेडच्या पालथ्या हातात रोवला, काटा तसाच उभा राहिला. बाकीचे ताटल्या छातीशी धरून मागे सरकले. रक्त बटाट्यांवर पडलं होतं तरी एकाने विचारलं, दुसरं भांडं आणणार का.

नियम तू शिकवलेलाच: दोघांनी हात उचलला, दोघं बाहेर, सात दिवस. सुरुवात कुणी केली ते विचारायचं नाही. दोघांच्याही जखमा मीच बांधल्या. वेडला तीन वाजता पुढच्या दाराने काढलं, त्याचं कुलूप हातात घेतलं. ऑरिनला साडेतीनला मागच्या दाराने. तो कापडाचा बोळा चावत उभा होता, सगळं सामान त्या एका बॅगेत. खोली जाणार नाही ना, एवढंच त्याने विचारलं. नाही जाणार म्हटलं. मग तो म्हणाला, "बाई, कुलूप राहू द्या. दाखला बॅगेत आहे. डोळा लागला की लोक चेन उघडतात." मी राहू दिलं. त्याने माझ्यासमोर दोन्ही चेनी एकत्र करून कुलूप घातलं. एक्केचाळीस नंबर, पिवळ्या रंगात.

तू चार वाजता गाडी भरून निघालीस, म्हणून पुढचं तुला फोनवरच कळलं, आणि फोनवर मी सगळं सांगितलं नाही.

साडेचारला मी लायब्ररीच्या बसथांब्याकडे चालले होते. सरोवरावरून वारा असा येत होता की डोळ्यांतून पाणी गळत होतं. वेड बाकावर पाठमोरा बसला होता. ऑरिन मागून आला. बॅग त्याने आधी नीट जमिनीवर ठेवली. मोजा हातात होता. पहिला फटका कानामागे बसला, आणि मला तो आवाज ओळखीचा होता, ओट्यावरचा. वेड वळला, दुसरा डोळ्यावर. डोरीन, मी वीस पावलांवर होते आणि हलले नाही. भीतीने नव्हे. मला बरं वाटत होतं. पहिल्या फटक्यालाही, दुसऱ्यालाही. तिसऱ्याला जबडा मोडला आणि वेडने हात वर केला, मीच बांधलेली पांढरी पट्टी, तेव्हा कुठे मी धावले. चौथा फटका माझ्या डाव्या मनगटावर बसला. पाचवा पुन्हा वेडच्या तोंडावर. मग मी ऑरिनच्या दंडाला लोंबकळले आणि तो थांबला, जणू शिफ्ट संपली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. "दाखला बॅगेत आहे," म्हणाला. "तेवढा सांभाळा."

पोलिसांना मी जे पाहिलं ते सांगितलं. मोज्यात कुलूप कुठून आलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. नंतरच्या सोमवारी ते दोघांना बाहेर काढल्याचे कागद घेऊन गेले. ऑरिनच्या कागदावर 'कुलूप जमा' या ओळीपुढे बरोबरची खूण आहे. माझीच. वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकटींत मी खुणा करत गेले होते, रोजच्यासारखी. आता सरकारी वकील म्हणतात की ऑरिनने साडेतीनला कुलूप जमा केलं आणि जाताना कुलपांच्या डब्यातून पुन्हा उचललं, म्हणजे मारायचं त्याने तिथेच ठरवलं होतं. ऑरिन म्हणाला, बाईंनी राहू दिलं. कुणी विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या दिवसापासून त्याने ते म्हणणं सोडून दिलं.

त्याच्या बाजूने लढायला सरकारने दिलेली वकील, मिस थाओ, गेल्या मंगळवारी माझ्याकडे आली. कागद टेबलावर ठेवून तिने विचारलं, "हे असंच घडलं का, एवढंच सांगा." मी म्हणाले, कागदावर आहे तसं. माझं नोकरीतलं प्रोबेशन संपायला तीन आठवडे राहिलेत. मनगटाचं बिल निवाऱ्याच्या विम्यातून जातंय. तिने कागद फायलीत घातला, आभार मानले आणि गेली. ती खूण खोटी निघाली तर शिक्षा निम्म्यावर येऊ शकते, हे तिने दारात उभं राहून सांगितलं होतं, आणि तरी मी गप्प बसले. एक आठवडा. रॉक्सीने काल वर्षं विचारली तेव्हाही.

आज सकाळी मी मिस थाओला फोन करून ती खूण खोटी असल्याचं सांगितलं. ऑरिनने मागून मारलं हेही मी कोर्टात सांगणार आहे, त्यामुळे तो सुटणार नाही. मी उभी राहून पाहत होते, हेही. पण कुलूप त्याने चोरलं नाही. आणि माझ्या खुणेखाली 'कुलूप पाहिलं' म्हणून दुसरी सही तुझी आहे, म्हणून हे पत्र. तू पाहिलं नव्हतंस. निरोपाच्या केकची बशी एका हातात धरून तू सही केलीस आणि म्हणालीस, आता तुला माझी गरज नाही. नव्या जागेवर तूही अजून प्रोबेशनवर आहेस हे मला माहीत आहे. मी सहीचंही खरं सांगणार, ते तुला माझ्या तोंडून आधी कळावं, दुसऱ्या कुणाकडून नको. काय बोलायचं ते ठरवायला फोन करू नकोस, मी उचलणार नाही. हे पत्र लिहिलं, हेही मी तिथे सांगणार आहे.

परवा, गुरुवारी सकाळी दहा वाजता, कोर्टाच्या तिसऱ्या मजल्यावर. साक्षीला आधी पोलीस, मग लायब्ररीचा पहारेकरी, मग मी. कागद माझ्या हातात देतील आणि खूण कुणाची ते विचारतील. नंतर सहीचं विचारतील. मिस थाओ म्हणते, तुला दुपारपर्यंत बोलावणं येईल. शुक्रवारी नऊला आमच्या डायरेक्टरने मला केबिनमध्ये बोलावलंय, येताना सगळ्या किल्ल्या घेऊन ये म्हणाले.

तुझीच,
मार्लिस