कोरड्या बर्फाचं पोतं

कोरेगाव, २ जून १९७४

मी नाही म्हणाले! सगळ्यांच्या तोंडावर. बैठकीत आबा, मामा, मला बघायला आलेली सात-आठ माणसं, आणि मधोमध नवरामुलगा दादासो. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. तिथली डिस्टिलरी तोच बघतो. आई चुकून 'दारूची भट्टी' म्हणाली तर त्याच्या वडिलांच्या कपाळावर आठी.

दादासोने विचारलं, "एमेस्सी झाली. आता म्होरं काय?"

म्हटलं, कण. अणूच्याही आतले. आकाशातून येतात, आपल्या अंगातून आरपार जातात, आपल्याला पत्ताही नसतो. त्यांच्यावर काम करायचंय.

"आमच्याकडं बी कणच की! पोती भरून इकतो."

सगळे हसले. आबासुद्धा! ते हसले ते लागलं. मग मीही बोलले — मळीच्या वासात जन्म काढायला मी एवढी शिकले नाही. दादासोचे कान लाल झालेले मी पाहिले. बरं वाटलं. अजूनही वाटतंय.

५ जून

आबा बोलत नाहीत. पलटणीतून सुभेदार होऊन आले, तेव्हापासून घरात हुकूमच चालतो. आता तोही नाही. आईला सांगतात, मला ऐकू येईल असं — "तिला म्हणावं, माझी मान खाली घातलीस. हितं राहून रोज त्वांड दाखवू नगंस."

नाही राहत!

सांगली, १६ जुलै

कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे पोरांना वायरी जोडून द्यायच्या आणि तासानंतर मोजून परत घ्यायच्या. लेक्चररची जागा रिकामी आहे, पण तिथे 'योग्य उमेदवार' हवा. योग्य म्हणजे मिशीवाला.

विभागप्रमुख देशिंगकर सर. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं — "मिस बर्गे, कण-बिण म्हणता, राजस्थानात स्फोट झाला तेव्हा तुम्ही कुठे होता? आम्हाला वाटलं तुम्हीच वात लावलीत!" हशा. मेपासून देशभर तेच एक चाललंय. फिजिक्स म्हटलं की बॉम्ब.

राहते हरणाआत्याकडे, गावभागात. आबांची थोरली बहीण. तिची सकाळ माझ्यापासून सुरू होते. "शाले, चांगला हापिसर नवरा लाथाडलास. आता काचंच्या नळ्यांसंगं संसार कर." रोज! चहा देते तोही असा ठेवते की बशीत सांडावा.

३ सप्टेंबर

सरांकडे गेले. एक मेघपेटी करायची परवानगी मागितली. फार मोठं काही नाही — काचेचं भांडं, आत स्पिरिटची वाफ, तळाला भयंकर थंडी. वाफ तळाशी अशी तुंबून बसते की एखादा कण आतून गेला, की त्याच्या वाटेवर धुक्याची बारीक रेघ उमटते. कण दिसत नाही. तो गेलेला दिसतो.

सर पेपर वाचतच होते. "हे बाहेरच्या देशांत आपल्या जन्माआधी झालं, मिस बर्गे."

म्हटलं, सांगलीत नाही झालं.

"सांगलीत हळद होते. स्पिरिटच्या परमिटवर मी सही करणार नाही. प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघर नव्हे."

स्वयंपाकघर! तो शब्द मुद्दाम निवडला त्यांनी.

१० सप्टेंबर

करणार. सही गेली खड्ड्यात. बॉटनीतून तडा गेलेली मोठी काचेची हंडी आणली, लाखेने सांधली. फळा पुसायच्या डस्टरचं फेल्ट सोडवलं — स्पिरिट धरून ठेवायला. तळाला पत्रा, काळा रंगवलेला. अडगळीच्या खोलीत खिडकीला काळं कापड.

राहिलं दोनच. चांगलं स्पिरिट आणि थंडी. साध्या बर्फाने भागत नाही, कोरडा बर्फ लागतो — मळी आंबताना सुटणारा वायू गोठवून केलेला, वितळून पाणी न होणारा. या सगळ्या मुलखात तो एकाच ठिकाणी तयार होतो. आणि तिथे एकच केमिस्ट आहे.

देवा, एवढी मस्करी!

२० ऑक्टोबर

गेले. महिनाभर स्वतःशी भांडून अखेर गेले. डिस्टिलरीच्या दारात मळीचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. दादासो बाहेर आला, हात पुसत. बसा म्हणाला नाही.

"वास येत न्हाई का आज?"

मग काय हवंय ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "माझ्या बापानं त्या दिवसापास्नं कोरेगावच्या बाजारात पाय ठिवला न्हाई. ठावं हाय तुमास्नी?"

"नाही."

"आता झालं ठावं."

आत गेला. मला वाटलं संपलं. फाटकापर्यंत आले तर मागून एक गडी पळत आला — हातात पोतं, त्यातून पांढरी वाफ, आणि बूच लावलेली बाटली. "सायबांनी सांगितलंय, भुसा काढू नका, हात भाजंल. आन् म्हनं, परत येऊ नका."

दान टाकल्यासारखं! परत फेकावंसं वाटलं. नाही फेकलं.

२० ऑक्टोबर, पुन्हा

लिहायचं राहिलं — एसटीतून उतरवलं! पोतं पायाशी होतं. कंडक्टर ओरडला, "आवं बाई, पोत्यातनं धूर निगतुया!" मागून कुणीतरी — "बाँब हाय बाँब!" अख्खी गाडी दारात. म्हटलं, अहो बर्फ आहे! कंडक्टर म्हणाला, "लय बघितला बर्फ. धूर सोडनारा न्हाई बघितला. उतरा." मला आणि पोत्याला रस्त्यावर ठेवून गाडी गेली. उसाच्या बैलगाडीतून आले. कॉलेजात पोचेपर्यंत पोतं निम्मं हलकं. उरलेलं हवा झालं.

१२ डिसेंबर

काही दिसत नाही. नुसतं धुकं. दादासोकडे पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा गेले. दरवेळी तो बाहेर येतो, दरवेळी एक टोमणा. "झाला का संसार सुरू, कणांसंगं?" दरवेळी पोतं मिळतं. आमच्यात दुसरं बोलणं नाही. त्याचा राग येतो, आणि माझ्या गरजेचा त्याहून जास्त.

३ जानेवारी १९७५

हवा आत शिरतेय. लाख नको, मेण लावून बघायचं.

९ जानेवारी

दिसली!!

दुपारी. खोलीत काळोख केला, बाजूने प्रोजेक्टरचा दिवा सोडला. तळाशी धुकं हलत होतं, पाऊस पडायच्या बेतात असल्यासारखं. मान अवघडली. उठणार होते — आणि एक रेघ. सरळ, केसाएवढी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणी ओढली नाही. मग विरली. मग दुसरी, वाकडी. मग तिसरी.

कण कुठून निघालेला कुणास ठाऊक, आणि सांगलीतल्या अडगळीच्या खोलीत, तडा गेलेल्या हंडीतून गेला — मी बघत असताना! तोंडावर हात दाबून रडले. सांगायला कुणी नव्हतं. शिपाई नाथाजीला ओढून आणलं. त्याने वाकून पाहिलं. "कोळिष्टक हाय का?" — आणि गेला.

१४ मार्च

आज मुंबईहून एका मोठ्या संशोधन संस्थेच्या बाई कॉलेजात भाषणाला आल्या. डॉ. सामंत. पन्नाशीच्या, आखूड केस, आवाज करवतीसारखा. कणांवरच काम. आणि देशिंगकर सर त्यांना थेट माझ्या खोलीत घेऊन आले! "आमच्या विभागाने तयार केलेली मेघपेटी. माझी बरेच दिवसांची कल्पना."

माझी कल्पना! मी दाराशी उभी. बाई वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग सरांना विचारलं, "सील कशाचं?" सर म्हणाले, "ते... आपलं... नेहमीचं." बाईंनी मान वळवली. "तू. कशाचं?"

"मेणाचं. आधी लाखेचं होतं, गळायचं."

मग सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला उभं करून तासभर झोडपलं! "जाड रेघ कशाची? बारीक कशाची? वाकडी का? माहीत नाही? मग बघत काय बसलीस, सिनेमा?" निम्मे प्रश्न मी वहीत उतरवून घेतले. जाताना म्हणाल्या, "हे खेळणं आहे. यात नवं काहीही नाही. मेमध्ये आमच्याकडे मुलाखती आहेत. अभ्यास करून ये, अशी येऊ नकोस."

कौतुक नाही, एक गोड शब्द नाही. तरी रात्री जेवले पोटभर.

सर संध्याकाळी म्हणाले, "तुम्ही मला पाहुण्यांसमोर तोंडावर पाडलंत. लक्षात ठेवीन."

ठेवा!

२३ मे

मुंबईहून परतले. मुलाखतीला समोर पाच पुरुष आणि सामंतबाई. एकाने सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगाबद्दल सांगितलं — कर्नाटकात, जमिनीखाली खूप खोल, जिथे वरचा खडक बाकी सगळे कण अडवतो आणि अगदी लाजरे तेवढे खाली पोचतात. मी म्हटलं, मला तिथे जायचंय. हसले. "बायकांना खाणीत उतरून काम करायला कायद्याने बंदी आहे, मिस बर्गे."

कायदा! कणाला बाई-पुरुष कळत नाही, खडकाला कळत नाही, सरकारला तेवढं कळतं. तोंडातून निघून गेलं — "मग कायदा कधी बदलताय?" सामंतबाई कडाडल्या, "आधी विचारलेल्याचं उत्तर दे!"

घालवलं सगळं.

कोरेगाव, २० जून

नाही घालवलं. निवड झाली! खाणीत नाही — मुंबईत, फोटोप्लेटांवर उमटलेल्या कणांच्या वाटा वाचायच्या आणि त्यावरच पुढे पीएच.डी. एक ऑगस्टला हजर व्हायचं.

आबांना सांगायला आले. वर्षभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "मंबईत एकटी ऱ्हानार?" हो म्हटलं. "मग हितं यायचं कारन न्हाई." आईने पदर तोंडाला लावला. मी पाणीही न पिता स्टँडवर आले.

सांगली, १५ जुलै

आणीबाणी लागल्यापासून सगळीकडे तपासण्या. दादासोच्या डिस्टिलरीत अबकारीचा इन्स्पेक्टर आला. स्पिरिटच्या साठ्यात तूट निघाली. दादासोला निलंबित केलं, चोरून विकलं म्हणून. पोलिसात देणार म्हणतात.

आत्याला बाजारात कळलं. "सायेब त्येला म्हनत्यात, कुनाला दिलं सांग, तर सुटशील. त्यो तोंड उघडंना!"

मला दिलं. बाटली बाटली करून मला दिलं! आणि मी समजत होते, त्याला अधिकार असेल. विचारलंच नाही कधी.

दोन आठवड्यांत मुंबई. गप्प बसले तर कुणालाही कळणार नाही.

१६ जुलै

झोप नाही. त्याचा सूड आहे का हा? मला उपकाराखाली गाडायचं? ज्याला मी नकार दिला त्याने मला वाचवू नये!

१७ जुलै

कारखान्यात गेले. मोठ्या साहेबांच्या खोलीत इन्स्पेक्टरही होता. उभ्या उभ्याच सांगितलं — स्पिरिट विकलं नाही, मला दिलं, प्रयोगाला. चला कॉलेजात, हंडी दाखवते. इन्स्पेक्टरने विचारलं, "परमिट?" नाही. "मग चोरीत तुम्हीपण." हो, म्हटलं. लिहून घ्या. जबाबावर सही केली.

बाहेर दादासो उभा. वाटलं काही बरं बोलेल. "तुमास्नी कुणी सांगितलं व्हतं त्वांड उघडाया? दोन हप्त्यांत सुटलोच असतो मी! आता तुमची बी नोकरी गेली, माझी बी अब्रू."

"मला तुमचे उपकार नको होते."

"उपकार? मला ती रेघ बघायची व्हती एकडाव. इचारलं न्हाई, कारण तुमी हसला असता."



२१ जुलै

कॉलेजने राजीनामा मागितला. दिला. दादासोला परत घेतलं, पण डिस्टिलरीतून काढून वजनकाट्यावर बसवलं. माझ्यावर दंड आणि ताकीद. देशिंगकर सर स्वतः हसत म्हणाले, "मुंबईला मी सविस्तर कळवलंय. संस्थेला आपण कुणाला घेतोय ते ठाऊक असावं."

जाताना हंडी उचलायला गेले. खोलीला कुलूप.

२६ जुलै

आत्या आज काही बोलली नाही. चहाही सांडला नाही. इतकं वाईट झालंय तर.

२९ जुलै

नाथाजी बोलवायला आला. मुंबईचा ट्रंक कॉल, कॉलेजच्या ऑफिसात. सर समोरच बसलेले, ऐकायला. सामंतबाई — आवाज एवढा मोठा की मला फोन कानापासून लांब धरावा लागला, सरांना शब्दन् शब्द ऐकू गेला असणार. "बर्गे! तुझ्या सरांनी कळवलंय, तू स्पिरिट चोरतेस. एक तारखेला सकाळी हजर राहा. इथे पिंपाने आहे. आणि त्या माणसाला सांग, मला पुन्हा लिहू नकोस." — खट्!