फौजदाराने झडती घेतली नाही

आप्पा, आज मी तुमच्याशी भांडणार आहे. तुम्ही होता तेव्हा ते जमलं नाही. मी आवाज चढवला की तुम्ही डोळे मिटून प्रार्थना करायचात, आणि भांडणारी मीच मूर्ख ठरायचे. तुम्ही गेलात ते वय मी केव्हाच ओलांडलं. आता मुकाट्याने ऐकून घ्या.

बेचाळीस सालचा भात कापणीला आला होता. सारोळ्याच्या पुलाकडच्या तारायंत्राच्या तारा तोडून दादा पळाला आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच घरी येऊन माळ्यावर चढला. दुपारची वेळ. आई चुलीपुढे बसली आहे, तव्यावर भाकरी आहे, मी पाट्यावर मिरची वाटते आहे, तुम्ही जेवायला बसला आहात, आणि दारात फौजदार उभा. मागे दोन शिपाई. त्याने आधी मलाच विचारलं, "भाऊ आलाय का गं तुजा?" मी म्हटलं, "न्हाई जी. चार म्हैनं झालं, तोंड बगितलं न्हाई त्याचं." पंधरा वर्षांची पोर मी, हात तिखटाने माखलेले, पण आवाज जरासुद्धा हलला नाही. त्या आवाजाचा मला अजून अभिमान आहे. फौजदार नुसता हसला. त्याने घरातलं एक भांडंसुद्धा हलवलं नाही. मिशनच्या शाळेचा मास्तर खोटं बोलत नाही, हे भोरपासून आंबवड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बांधाचा तंटा झाला की दोन्हीकडचे लोक तुम्हालाच साक्षीला न्यायचे. तो तुमच्याकडे वळला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी सांगा." तुम्ही गप्प राहिला असतात तरी चाललं असतं. झडती झाली असती, आणि तेवढ्यात दादा मागची कौलं सारून ओढ्यात उतरला असता. मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडत होते. तुम्ही म्हणालात, "पोर खोटं बोलली, तिला माफी करा. ल्योक माळ्यावर हाय."

दादाला दोरखंडाच्या काढण्या लावून नेलं. आई तुमच्यावर धावून आली. "पोटच्या पोराला धरून दिलंत? जीभ कशी रेटली तुमची?" आणि तुम्ही शांतपणे, शाळेत उजळणी घ्यावी तसे, म्हणालात, "म्या धरून दिलं न्हाई. इचारलं त्ये खरं सांगितलं. देशासाटी खोटं बोलायचं, मंग देवाच्या राज्यात कुटल्या तोंडानं जायाचं?" कुठल्या तोंडाने! दादा तुरुंगातून परत आला तो डाव्या कानाने ठार बहिरा होऊन. तुमच्या त्या राज्याचा रस्ता आमच्या दादाच्या कानावरूनच जायला हवा होता का? तुम्ही एकट्याने खरं राहायचं आणि त्याची किंमत घरातल्या बाकीच्यांनी मोजायची, हा कुठला न्याय? आणि माझ्या वतीने माफी मागायला तुम्ही कोण? मी काय चूक केली होती?

त्यानंतरच्या रविवारी मिशनच्या देवळात तुम्ही उपासना चालवत होता. इंग्लंडच्या राजासाठी करायची प्रार्थना आली, तेव्हा ती न म्हणताच तुम्ही पान उलटलंत. गोऱ्या पाद्रीसाहेबांनी विचारलं तर म्हणालात, राजासाठी मनापासून मागणं येत नाही, मग देवापुढे खोटं कसं बोलू? महिन्याभरात तुमची शाळेतली नोकरी गेली. मला काय आनंद झाला होता! वाटलं, उशिरा का होईना, आप्पा आपल्या बाजूला आले. पण तुम्ही कुणाच्याच बाजूला येणारे नव्हतात. स्वातंत्र्य आलं, चावडीपुढे झेंडा चढला, गावाने तुम्हाला मानाने पुढे उभं केलं, आणि तुम्ही हात खालीच ठेवलेत. "झेंड्यावर राग न्हाई माजा, पर मुजरा येकालाच," म्हणालात. गोऱ्यांनी काढून टाकलेला माणूस त्या दिवसापासून गावात गोऱ्यांचा झाला. आपल्या चार ख्रिस्ती घरांकडे लोक वर्षभर तिरके बघत होते, ते मी पाणवठ्यावर सोसलं. तुम्हाला कुठे पाणी भरायचं होतं?

सगळ्यात जास्त चीड मला दादाची यायची. त्याने तुमच्यावर कधी राग धरला नाही. चांगला कान तुमच्याकडे करून बसायचा. मी विषय काढला की हसून म्हणायचा, "आप्पांनी दुसरं काय सांगितलं असतं? म्या चढलोच चुकीच्या माळ्यावर." दोघांनी मिळून माझा राग बिनकामाचा करून टाकलात.

दादाही आता नाही. गेल्या महिन्यात भोरला त्याच्या आठवणीची सभा झाली, शाल मला दिली. एका कॉलेजच्या मुलीने माईक हातात देऊन विचारलं, "आजी, त्यांना पकडून कुणी दिलं?" साठ वर्षं जे ओरडून सांगायचं होतं, ते सांगायची वेळ समोरून चालत आली होती. मी म्हटलं, "कुणी नाही. फौजदाराने सगळं घर उलथंपालथं केलं, तेव्हा सापडला. आमच्या वडिलांनी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही." लोकांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आप्पा. खूप वेळ वाजवल्या. हे पत्र कुठे टाकायची सोय नाही म्हणूनच एवढं लिहिते आहे. प्रभुभोजनाआधी पापं कबूल करायची असतात, तुम्हीच शिकवलंत. त्या सभेनंतर तीन रविवार मी प्रभूची भाकर घेतली. हे खोटं मी अजून कबूल केलेलं नाही, आणि करायचं मनातही नाही.