बादलीतलं कोमट पाणी

२ जून
आलो एकदाचे कॅनबेरातल्या गुंगालिनला, स्वतःच्या घरात! दूध उतू घालवलं, स्मोक अलार्म कोकलला, सलिल टॉवेल हलवत धावला. मला घरापेक्षा गॅरेजमधल्या, घर गरम करणाऱ्या भट्टीला जोडलेला ह्युमिडिफायर जास्त आवडला. जुन्या फ्लॅटमधल्या कोरड्या हीटिंगने आमच्या लेकीचा, ईशानीचा घोळणा फुटायचा. हा गरम हवेत ओल मिसळतो, उरलेलं पाणी नळीतून बाहेर सोडतो. हॉलमध्ये गरम हवा येते त्या व्हेंटपाशी आधीच्या लोकांनी सोडलेली वाळकी तुळस आहे. सलिल टाकायला निघाला होता. तुळस कुणी टाकतं का? ठेवली.

९ जून
नळी तुंबली, गॅरेजभर पाणी. क्षार असतील म्हणून व्हिनेगर ओतलं, तार घातली. तारेला केसासारखी पांढरी मुळं लागली. तात्पुरती बादली लावलीय. पाणी वाया घालवणं माझ्या रक्तात नाही, तुळशीला घातलं.

१५ जून
तुळस हातभर वाढली, तीही कॅनबेराच्या थंडीत! ईशानीचे ओठ मात्र चिरलेत, सारखी पाणी मागते. डॉक्टर म्हणाली, विंटर आहे.

१९ जून
प्लंबरने ह्युमिडिफायरच्या पाण्याचा कॉक बंद केला आणि नो वरीज म्हणून गेला. बादली तरी भरतेय. पाणी कोमट आहे. जिभेला लावून पाहिलं, खारट.

२१ जून
भट्टीही बंद. तरी बादली भरली. ईशानी पडली, रडली, म्हणाली, "आई, टिअर्स येत नाहीयेत."
सलिल म्हणतो, घर सोडू. मी त्याला आणि ईशानीला शेजारच्या वीणाकडे पाठवलं. वीणा म्हणते, आधीचे लोक असेच घाईने गेले. मी नाही जाणार. घर माझं आहे.

२३ जून
तिकडेही ईशानी सुकतेच आहे. बादली भरतेच आहे.
तुळशीची मुळं कुंडीतून व्हेंटमध्ये उतरलीत. थेट नळीपर्यंत.
तुळस उपटली तर पाप लागतं म्हणे. लागू दे.

२४ जून, दुपार
ओढतेय. संपतच नाहीत — पांढरी, ओली — मनगटाला गुंडाळलीत. सोडणार नाही.
सलिलचा फोन. ईशानी रडली. डोळ्यांत पाणी आलं! खरं पाणी!
मग बादलीत आत्ता हे कुणाचं —
ओठ चिरले. जीभ टाळ्याला चिकटतेय. असू दे.
घे, माझं घे. पण पोरीचा एक थेंब जरी —