ठोका एकच होता

कोत्तगिरी,
३ ऑक्टोबर

प्रिय अण्णा,

"वरून दोन ठोके आले." अकरा वर्षांपूर्वी तू मॅनेजरसाहेबांसमोर हे म्हणालास. या आठवड्यात ते परत कानात बसलंय, म्हणून पत्र. बाकी अण्णीवहिनी, मुली बऱ्या असतील. तुझा गुडघा कसा आहे? इकडे धुकं उतरलंय, चहाची पानं भरपूर येतायत.

फॅक्टरीत बिनतारी फोन बसतायत. कोइंबतूरहून इन्बराज नावाचा फिटर आलाय. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर. आवाज जिन्यातच मरतो. दोन दिवस मी पानं सुकवायच्या माळ्यावर फोन घेऊन फिरतेय आणि तो खालून विचारतोय, "अक्का, येतंय का ऐकू?"

यादीत चारच फोन होते. माळ्याला नव्हता. "वर बायकांना पाइप आहे की ठोकायला," साहेब हसले. मी म्हटलं, "मग आजची पानं वरच राहू देत." माळ्यावरच्या चौदाजणी हात बांधून बसल्या. पानं तापून वास बदलायला लागला, तेव्हा पाचवा फोन आला. पाप्पात्ती म्हणाली, "तंगम, तू युनियनवाल्यांच्याही वरताण." तिने फोन डाव्या हाताने घेतला. उजव्या हाताचं तुला माहीत आहे.

इन्बराजने पाइपचं विचारलं. सांगितलं, एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे पानं सोडतोय, मशीन चालू करा.

"आणि मोजायला कुणी चुकलं तर?"

"मी चुकले नव्हते," मी म्हटलं. तो बिचारा गोंधळला.

अण्णा, त्या दिवशी पाप्पात्ती खाली मशीनचा रोलर पुसत होती. मी एकच ठोका मारला होता. बाहेर लॉरी खोळंबली होती, तुला घाई होती, तू मशीन चालू केलंस. तिची तीन बोटं गेली. तुझी धाकटी तेव्हा तीन महिन्यांची, म्हणून मी गप्प राहिले. शिक्षा म्हणून मला पाच वर्षं मळ्यात पानं खुडायला धाडलं, त्याचं काही नाही. पण पाप्पात्ती अजून समजते की चूक माझी, आणि तरी रोज डब्यातला चिंचेचा भात माझ्यापुढे सरकवते. आता मी तो परत तिच्याकडे सरकवते.

इन्बराज सांगतो, कुणी कुणाला किती वाजता फोन केला, सगळं पेटीत नोंदलं जातं. म्हटलं, अकरा वर्षं उशिरा आलास बाबा.

पुढच्या शुक्रवारी आयुधपूजा. मशीनला चंदन-कुंकू लागलं की पहिला फोन मशीनपासून वर माळ्यावर जाईल. तिथला फोन पाप्पात्तीच्या हातात असेल. तो तू करावास म्हणून सकाळी अकरापर्यंत तुझी वाट बघेन, नंतर तो मी करेन आणि सगळं सांगेन. आता मला कुणी गप्प बसवणार नाही, तूसुद्धा नाही.

पण हे तिने तुझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं. येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी विचारते, येशील?

एकच ठोका मारलेली,
तुझी तंगम