मस्कतहून आणलेली सुरमई

प्रिय बाबा,

विमान आत्ताच वर चढलं. परवा तुझं तेरावं झालं आणि आज मी मस्कतला परत निघालेय. खिडकीतून बघितलं तर खाली समुद्रात बोटी दिसल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या! त्यातली एखादी आपल्या गावची, मुरब्याची असेल का रे? ज्या पाण्यात तू जन्म काढलास, ते मी बसल्या जागी, जेवता जेवता ओलांडतेय. तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला घेतलं.

हे विमानाचं गणित तुझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तुझे आजोबा शिडाच्या गलबतातून मस्कतला गेले होते. चांगला वारा मिळूनही पंधरा दिवस लागले होते म्हणे. तुझ्यासाठी मस्कत कायम तेवढंच लांब! माझ्या लग्नात ढसाढसा रडलास. "माजी पोर पार पल्ल्याड चालली." मी सांगत होते, बाबा, पंधराशे किलोमीटर आहे, पण तीन तासही लागत नाहीत. "जा गो, कुनाला येडा बनवतेस!" म्हणालास.

तुझ्या दुखण्याची तार रात्री मिळाली. सकाळी निघताना ह्यांनी बाजारातून ताजी सुरमई आणली, बर्फ घालून अरबी वर्तमानपत्रात बांधून दिली. "तिकडे मासळी तरी मिळते का, असं विचारतात ना बाबा? दाखव त्यांना." विमान बघता बघता मुंबईत उतरलं. तिथून मुरब्याला यायलाच त्याहून जास्त वेळ लागला! दिवेलागणीला तुझ्या खाटेशी उभी राहिले.

आणि तू काय केलंस? तोंड फिरवलंस!

"ही पंदरा दिस आदीच निगाली आसंल," आईवर ओरडलास. "मंजे मी मरनार, ते तुमाला तवाच ठावं व्हतं? आनि मना कोनी सांगितलं नाय?"

आई रडायलाच लागली. काय सांगू, कसं पटवू? शेवटी पुडकं सोडून सुरमई तुझ्यापुढे धरली. "ही मस्कतची, बाबा. बघ तूच."

अंगात त्राण नव्हतं, पण हात कसा चालला रे तुझा! कल्ला उचकून आत बघितलंस, वास घेतलास, पोट दाबून पाहिलंस. ओल्या कागदावरची ती अरबी अक्षरंही निरखलीस.

"आज सकालची हाय," हळूच म्हणालास.

"मीपण आज सकाळीच निघाले, बाबा."

मग माझा हात धरलास, डोळे एवढे मोठे झाले तुझे. "येवडी जवल व्हतीस गो तू?"

रागावला असतास तर सोसलं असतं. पण तू नुसता थक्क झाला होतास, हसत होतास, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगत होतास. दोन दिवसांनी गेलास, तेव्हाही चेहऱ्यावर तेच नवल होतं. आणि इतकी जवळ असून लग्न झाल्यापासून मी याआधी एकदाच आले होते, बाबा.

आता आई एकटी आहे. काल म्हणाली, "तुजा संसार बग, येवड्या लांबून कशाला धावतेस?" तुला शब्द देते, तारेची वाट बघणार नाही. ती धडधाकट असताना, ओट्यावर बोंबील निवडत बसलेली असताना, दारात जाऊन उभी राहीन. काही झालेलं नसतानाच येईन.

तुझी,
सुमन